क्रांती झाली? आता मुदतवाढीचा ठराव तयार ठेवा

अभिनंदन! राजा गेला, गुलाल उधळून झाला, आता तुम्हाला नवी राज्यघटना लिहायची आहे. फ्रान्स-अमेरिकेचे जाडजूड ग्रंथ चाळत बसू नका. शेजारच्या नेपाळकडे पाहा. तिथे सगळं शिकायला मिळतं, तेही दोनदा.

पहिलं काम म्हणजे सभासदसंख्या वाढवणं. नेपाळने संविधानसभेत आधी 425 जागा ठरवल्या. कोणी रुसलं म्हणून त्या 497 झाल्या आणि आणखी कोणी रुसलं तेव्हा 601. त्यातल्या 26 जागा नियुक्तीच्या होत्या, मान्यवरांसाठी आणि प्रतिनिधित्व न मिळालेल्या समाजांसाठी. पण मान्यवर कोण, हे ठरवायला पक्ष असतातच की! त्यांनी त्या आपापसांत वाटून घेतल्या. निवडणूकही लगेच घेऊ नका. ती दोनदा पुढे ढकलून 10 एप्रिल 2008 ला घ्या, म्हणजे मतदारही जरा तयारीत राहतो.

सोपं काम मात्र पहिल्या बैठकीतच उरकून टाका. 28 मे 2008 ला सभा भरली आणि त्याच रात्री सुमारे 240 वर्षांची राजेशाही संपली. घटनेसाठी मुदत दोन वर्षांची. ती संपताना, मध्यरात्रीच्या तोंडावर, एक वर्षाची वाढ घ्या. मग तीन महिने. मग पुन्हा तीन महिने. मग सहा. तेवढ्यात सर्वोच्च न्यायालय म्हणेल, आता हे शेवटचं. न्यायमूर्तींना राजकारणातलं काय कळतं? पण त्यांचं ऐकावं लागलं. चार वर्षं झाली तरी घटना नव्हती आणि 27 मे 2012 ला सभाच विसर्जित झाली. मुदत वाढवण्यासाठी अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, घटनेत दुरुस्ती करायला मात्र दर वेळी पुरेशी मतं जमली. नसलेल्या घटनेसाठी असलेली घटना दुरुस्त करणं, याला म्हणतात कौशल्य.

रोज घटनाच लिहायची म्हटलं की कंटाळा येतो. हीच सभा संसदही असल्याने विरंगुळ्याला पंतप्रधान निवडता येतो. 2010-11 मध्ये त्यासाठी मतदानाच्या 17 फेऱ्या झाल्या. मधल्या अनेक फेऱ्यांत नेपाळी काँग्रेसचे नेते रामचंद्र पौडेल हे एकटेच उमेदवार होते, तरी निवडून येईनात. (2023 मध्ये ते राष्ट्रपती झाले. धीर सोडू नये तो असा.)

आता खरी मेख. प्रांत किती आणि त्यांच्या सीमा कुठून कुठे, हा प्रश्न शेवटपर्यंत भिजत ठेवा. 2013 ला दुसरी सभा निवडा. जानेवारी 2015 मध्ये सभागृहात खुर्च्या फेकून चर्चेत जान आणा. एप्रिलमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि सात वर्षं न जुळलेले नेते जेमतेम दीड महिन्यात 16 कलमी करारावर आले. करारात प्रांत आठ होते, सीमा नव्हत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला नकाशा आला तो सहांचा. पश्चिमेकडच्या सुर्खेत-जुमल्यात लोक रस्त्यावर आले, मग सात. तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातले, मधेशी आणि थारू समाजही रस्त्यावर होते. पण त्यांच्यासाठी नकाशा पुन्हा काढायला आता कुठे वेळ? सात वर्षं चर्चेत गेली होती ना. त्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली, त्यांत पोलीसही होते.

जनतेचं मत घ्यायला विसरू नका बरं. मसुद्यावर देशभर सुनावण्या झाल्या, तब्बल दोन दिवस.

20 सप्टेंबर 2015 ला राष्ट्रपती रामवरण यादव यांनी घटना जारी केली. 308 कलमं, बाजूने 507 मतं. काठमांडूत दिवे लागले, तराईत निषेध झाला. चारच महिन्यांत, जानेवारी 2016 मध्ये, पहिली दुरुस्ती. सवय मोडणं कठीण असतं.

प्रांतांना नावंही घाईने देऊ नका. नाव म्हटलं की कोणीतरी दुखावतं, तेव्हा तूर्त आकडे द्या. पूर्वेकडचा प्रांत पुढची साडेसात वर्षं 'प्रदेश क्रमांक 1' म्हणून सुखाने नांदला. 2023 मध्ये तिथल्या विधानसभेने त्याला 'कोशी' नाव दिलं. लगेच त्याच प्रांताच्या राजधानीत, विराटनगरात, आंदोलन सुरू झालं.