कृष्णवर्णीय बायकांचे केस आणि व्यायाम: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी गटावर एक फॉरवर्ड आला. दोन दिवसांनी पुण्याहून मावसबहिणीनंही तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका केस बिघडतील म्हणून व्यायाम करत नाहीत, हे अभ्यासात सिद्ध झालंय. घाम आला तर पाच मिनिटांत केस धुवावेत. सरळ केसांचा हट्ट सोडावा. ऑलिंपिकमधल्या मुलींना जमतं, मग यांना का नाही? म्हणजे हा निव्वळ आळस. खाली भराभर अंगठे पडले. मी अटलांटात राहते आणि आठवड्यातून चार दिवस शेजारणीबरोबर चालायला जाते. ती कृष्णवर्णीय आहे. मला गप्प बसवेना.

आधी तो अभ्यास. तो खरा आहे. उत्तर कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १०३ बायकांना विचारलं, आणि त्यातल्या जवळपास ३८ टक्के जणी म्हणाल्या की केसांमुळे आम्ही कधीकधी व्यायाम टाळतो. ‘कधीकधी’ हा शब्द फॉरवर्डमध्ये गळाला. उरलेल्या बासष्ट टक्के बायकाही गळाल्या. १०३ जणींच्या उत्तरांवरून कोट्यवधी बायकांबद्दल निकाल देता येत नाही. डॉक्टरांनी पेशंटशी केसांबद्दलही बोलावं, अडचण समजून घ्यावी, एवढ्यासाठी ती माहिती मोलाची आहे.

आता ‘पाच मिनिटांत धुवा’. सगळ्यात जास्त राग मला याच वाक्याचा आला, कारण हे काम मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी शेजारणीकडे डबा परत द्यायला गेले. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, केसांचे आठ भाग करून प्रत्येकाला चिमटा लावलेला. एक भाग सोडायचा, पाण्याचा फवारा मारायचा, कंडिशनर चोळायचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा. तोही टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. घाई केली की केस तुटलाच. असे आठ भाग. मग शाम्पू, मग दाट कंडिशनर लावून डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, अर्धा तास. मग पुन्हा भाग पाडून प्रत्येक बटेचा पीळ घालायचा आणि वाळू द्यायचं. मी संध्याकाळी सातला सहज डोकावले तेव्हा शेवटचे पीळ चालले होते, आणि लेकीचे केस अजून व्हायचे होते. याला त्या ‘वॉश डे’ म्हणतात, आणि त्यातला ‘डे’ शब्दशः खरा आहे.

हे नखरे नव्हेत. हा केस स्प्रिंगसारखा वळलेला असतो, त्याचा छेद चपटा असतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून टोकं कायम कोरडी राहतात आणि वळणावळणावर केस तुटायची भीती असते. रोज शाम्पू केला तर आहे तेही तेल जातं. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाच अशा केसांना आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा धुवा असं सांगते. आपल्याकडेही न्हाण्याचा वार ठरलेला असायचा. माझी आजी शिकेकाईनं न्हायली की दुपारभर अंगणात उन्हाला पाठ करून बसायची. तिला कुणी पाच मिनिटांचा हिशेब विचारला नाही.

सरळ केसांचा हट्ट म्हणाल, तर तो कुणाचा, हे आधी विचारा. तापवलेल्या पट्ट्यांनी केस सरळ केले की त्यातले हायड्रोजन बंध तात्पुरते मोडतात. घामाची ओल लागली की केस परत आक्रसतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या धावण्यात सलूनचे पैसे आणि अख्खी सकाळ वाया. रिलॅक्सर या रसायनानं सरळपणा टिकतो, पण २०२२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं तेहतीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास मांडला. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. एवढी जोखीम बायका हौसेखातर घेतात का? अमेरिकी लष्करात २०१७ पर्यंत लॉक्सना, म्हणजे दोरीसारख्या वळलेल्या बटांना, बंदी होती. केसांवरून नोकरी-शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केला, अमेरिकेतल्या राज्यांमधला तो पहिला. त्याआधी वेणी घालून ऑफिसला गेलेल्या बाईला ‘हे व्यावसायिक दिसत नाही’ असं सुनावलं गेलं, तर तिनं दाद कुठे मागायची? संध्याकाळी जिमला जाताना दुसऱ्या दिवशीची मीटिंग तिच्या डोक्यात असते ती यामुळे.

खेळाडूंचं उदाहरण तर उलटंच पडतं. गॅबी डग्लस २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं ऑल-अराउंड, म्हणजे सगळ्या प्रकारांचं मिळून, सुवर्ण जिंकली, हे पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी. सोळा वर्षांची पोर. आणि ट्विटरवर चर्चा काय, तर तिचे केस नीट बसवलेले नव्हते. १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये टेनिसपटू व्हीनस विल्यम्सच्या वेणीतले मणी कोर्टवर पडले आणि पंचांनी तिचा गुण कापला. भरगच्च केसांसाठी बनवलेली ‘सोल कॅप’ ही पोहण्याची टोपी २०२१ मध्ये जागतिक जलतरण महासंघानं नाकारली. डोक्याच्या ‘नैसर्गिक आकाराला’ ती धरून नाही म्हणे. मान्यता मिळाली सप्टेंबर २०२२ मध्ये, टोकियो ऑलिंपिक होऊन गेल्यावर. जिंकणाऱ्यांनाही केसांनी सोडलेलं नाही.

राहिला आळस. २०११ मध्ये याच अटलांटातल्या केशरचनेच्या मोठ्या प्रदर्शनात तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टर, रेजिना बेंजामिन, स्वतः कृष्णवर्णीय, बोलल्या की केसांचं कारण व्यायामाच्या आड येऊ देऊ नका. टीका झाली, पण त्या केशरचनाकारांसमोर जाऊन बोलल्या, कारण घामात टिकेल अशी केशरचना तेच शोधू शकतात. कॉर्नरो (टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या), ट्विस्ट (पीळ घातलेल्या बटा), लांब वेण्या हे सगळं त्याच हिशेबात बसतं. वेण्यांना सहा-आठ तास बसावं लागतं, आणि फार घट्ट बांधल्या तर कपाळाकडचे केस कायमचे जातात, म्हणून तिथेही जपावं लागतं.

माझी शेजारीण चालायला येते ती सॅटिनचा स्कार्फ घट्ट बांधून. परत आल्यावर तो लगेच सोडत नाही. मुळं वाळेपर्यंत तशीच चहा घेत बसते, नाहीतर केस फुगतात. आठवड्याची आखणीही केसांवरून ठरते. न्हाल्यानंतरचे दिवस हलकं चालणं, लांबचा पल्ला न्हाण्याच्या दिवशी सकाळी. आज शनिवार आहे. उद्या आम्ही आठ मैल जाणार आहोत, कारण उद्या घाम कितीही आला तरी चालेल.