जहाज लांबवताना खरी कसोटी मजबुतीची

जहाजं लांबवण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘क्रूझ जहाज मधोमध कापून नवा तुकडा बसवतात’ एवढ्यावर विषय आटोपायला नको होता. ‘एन्चांटमेंट ऑफ द सीज’ हे क्रूझ जहाज घ्या. २००५ साली रॉटरडॅमच्या गोदीत त्याचे दोन भाग करून मध्ये २२ मीटरचा भाग घातला. तो आधीच फिनलंडमध्ये बांधून तिथून समुद्रमार्गे आणला होता. सांधा जुळवायचा म्हणजे मिलिमीटरचा हिशेब, शिवाय कापलेली प्रत्येक केबल, प्रत्येक पाइप पुन्हा जोडायचा.

पण खरी मेख मजबुतीत आहे. जहाजाचा मध्य लाटेच्या माथ्यावर आला की दोन्ही टोकं खाली झुकू पाहतात, वरच्या डेकवर ताण येतो. दोन लाटांच्या मधल्या खोलगटात तोच ताण तळावर. लांबी वाढली की वाकवणारा हा जोरही वाढतो. म्हणून नव्या भागासोबत जुन्या सांगाड्यालाही जागोजागी जादा पोलाद द्यावं लागतं. हे काम प्रवाशाला कधीच दिसत नाही, पण सगळी सुरक्षितता त्यावरच उभी असते. त्याचं श्रेय वेल्डर आणि डिझाइनर मंडळींना मिळायलाच हवं.

एमएससी या क्रूझ कंपनीच्या चार जहाजांना इटलीतल्या पालेर्मोमध्ये असेच २४ मीटरचे भाग बसवले, त्यावरही सविस्तर लिहा. वाट बघतोय.