ज्याचा घाव त्याचाच गुन्हा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फिलिपाईन्समधील सामूहिक हल्ल्यांत होणाऱ्या मृत्यूंच्या फौजदारी जबाबदारीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, अनेकांनी मिळून एकाला मारले आणि प्राणघातक घाव कोणाचा हे कळले नाही, तर तेथील दंडसंहितेचे कलम २५१ सौम्य शिक्षा सांगते. मी मात्र त्या कलमाची दोन ओळींत बोळवण केली आणि एकच ठोसा मारणाऱ्यालाही खुनी ठरवणाऱ्या निकालांची बाजू घेतली. संगनमताचे हे तत्त्व म्हणजे आपल्याकडच्या दंडसंहितेतील बेकायदा जमावाविषयीच्या कलम १४९ चीच दुसरी आवृत्ती आहे, हा आपला दुसरा आक्षेप. पहिला मला मान्य नाही आणि दुसरा तपशिलात टिकत नाही. मात्र या दोहोंच्या मागे जी अस्वस्थता आहे ती निराधार नाही.

कलम २५१ चा उत्तरार्ध आपण उद्धृत केलात, पूर्वार्ध वगळलात. खरी मेख पूर्वार्धातच आहे. हे कलम लागू व्हायचे तर अनेक माणसे, एकमेकांवर हल्ला करण्यासाठी संघटित झालेले गट नसताना, गोंधळात परस्परांशी भिडलेली असावी लागतात. त्या धुमश्चक्रीत कोणी मेला आणि मारेकरी ओळखू आला नाही, तर गंभीर दुखापत करणाऱ्यांना सहा वर्षे एक दिवस ते बारा वर्षे कैद होते, आणि तेही कळले नाहीत तर मृतावर हात उचललेल्या सर्वांना त्याहून कमी. म्हणजे सवलत आहे ती कोण कोणाच्या बाजूने आहे हेच ठरवता येत नाही अशा मारामारीसाठी. ठरावीक माणसांनी एकाला घेरून मारणे या वर्णनात बसत नाही.

बेंगेट प्रांतातल्या २००४ च्या ज्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, ते आपण आपल्या बाजूने मांडले आहे. मला ते नेमके उलट दिशेने जाताना दिसते. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या पोटात एकाने लाथा घातल्या आणि मग दगड उचलला. दुसऱ्याने त्याला दगड मारण्यापासून रोखले, पण पडलेला माणूस उठू लागताच स्वतः त्याच्या पोटात ठोसा मारला. आतड्याला झालेल्या इजेमुळे तो माणूस पुढे रुग्णालयात दगावला. कनिष्ठ न्यायालयाने कलम २५१ लावले होते. अपील न्यायालयाने ते काढून दोघांनाही कलम २४९ खालील मनुष्यवधासाठी दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, कारण हल्ला करणारे दोघेच होते, दोघेही ओळखले गेले होते आणि त्यांच्या कृतींतून एकच उद्देश दिसत होता. आपला ‘एकच ठोसा मारणारा’ तो हाच. एवढा गंभीर परिणाम घडवण्याचा हेतू नव्हता ही सौम्यकारक बाब न्यायालयाने दोघांच्याही शिक्षेत मोजली, आणि कमाल मुदत बारा वर्षे एक दिवस ठेवली. माझ्या मते नियम आणि दया यांची जागा इथे बरोबर पडली आहे: जबाबदारी सामाईक, तीव्रता शिक्षा ठरवताना.

‘ज्याचा घाव त्याचाच गुन्हा’ हा आपला नियम कुठे नेतो ते पाहण्यासाठी केझोन सिटीचे प्रकरण अधिक बोलके आहे. ८ डिसेंबर १९९४ रोजी फिलिपाईन्स विद्यापीठाच्या डिलिमन आवारातील उपाहारगृहात एका विद्यार्थी संघटनेचे सात जण जेवत असताना मुखवटे घातलेली टोळी बेसबॉलच्या दांड्या आणि शिशाचे पाइप घेऊन त्यांच्यावर तुटून पडली. त्यांपैकी एक विद्यार्थी दोन दिवसांनी मरण पावला. पाच जणांवरील खुनाचा दोष २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. इतकेच नव्हे, तर किरकोळ जखमांवर बचावलेल्यांच्या बाबतीत अपील न्यायालयाने साधी दुखापत धरली होती, ती बदलून खुनाचा प्रयत्न ठरवला, कारण संगनमत सिद्ध झाले की एकाची कृती ती सर्वांची कृती. आता आपला निकष इथे लावून पाहा. मुखवटा जितका घट्ट, तितकी शिक्षा हलकी! काहींचे मुखवटे झटापटीत निसटले नसते, तर आपल्या नियमाने योजनापूर्वक आलेल्या टोळीला गोंधळातल्या मारामारीचा फायदा मिळाला असता.

कलम १४९ विषयी. भारतातील ते कलम, जे आता न्याय संहितेत कलम १९० झाले आहे, पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाचा सदस्य असणे पुरेसे मानते. समान उद्देश साधताना गुन्हा घडला की सदस्याने स्वतः काही केले होते का, हा प्रश्न उरत नाही. फिलिपाईन्समध्ये निव्वळ हजेरी, मैत्री किंवा गुन्ह्याची माहिती असणे यांतून संगनमत सिद्ध होत नाही. योजना पुढे नेणारी काही कृती दाखवावी लागते, आणि संगनमत गुन्ह्याइतक्याच काटेकोरपणे, वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. योजना ठाऊक असूनही केवळ दुय्यम मदत करणारा साथीदार ठरतो आणि त्याची शिक्षा एक श्रेणी खाली येते. हजेरीलाच प्रथमदर्शनी पुरावा मानायचे होते तिथे संसदेला तसे स्पष्ट लिहावे लागले: १९९१ मध्ये लेनी व्हिला हा विद्यार्थी बंधुसंघाच्या दीक्षाविधीत मारहाणीने मेल्यानंतर १९९५ मध्ये झालेल्या हेझिंगविरोधी (म्हणजे दीक्षेच्या नावाखाली नवागतांच्या होणाऱ्या छळाविरुद्धच्या) कायद्यात.

राहिली आपली अस्वस्थता. संगनमताचा लेखी करार कोणी करत नाही, म्हणून ते कृतींवरून अनुमानाने काढले जाते, आणि अनुमान सैल झाले की एकाच संघटनेचा बिल्ला असलेली सगळीच पोरे आरोपीच्या रांगेत उभी राहतात. केझोन सिटीच्या त्याच खटल्यात ओळख खात्रीलायक न पटल्याने कनिष्ठ न्यायालयाने २००२ मध्ये काहींना निर्दोष सोडले. त्यांपैकी एक जण तोवर साडेसहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता; पुढे तो गुन्हेशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि तेथील तुरुंगांवरच संशोधन करू लागला. खुनाच्या आरोपात पुरावा सबळ दिसला की जामीन हा हक्क राहत नाही, असे त्या देशाची राज्यघटनाच सांगते, आणि सामूहिक आरोपपत्रात तो पुरावा प्रत्येकाविरुद्ध वेगळा तपासला जातो की सर्वांविरुद्ध मिळून, यावर एखाद्याची तरुणपणाची वर्षे अवलंबून असतात. कलम २५१ पातळ करून ताणल्याने त्याची ती वर्षे वाचली नसती. जामिनाच्या सुनावणीत प्रत्येक आरोपीच्या ओळखीचा पुरावा स्वतंत्रपणे तपासला गेला असता तर कदाचित वाचली असती. आपण फौजदारी वकिली करता, तेव्हा आपल्या आक्षेपाचा रोख कलम २५१ वरून जामिनाच्या या टप्प्याकडे वळवलात, तर आपल्यात मतभेद फारसा उरणार नाही.