सर्व्हर सामाईक आहे, म्हणजे तुमचाच आहे

नव्याने अकाउंट मिळालेल्या मंडळींसाठी चार समजुतीच्या गोष्टी. विभागात सर्व्हर एकच. 16 कोअर, 64 जीबी मेमरी आणि वापरणारे आपण 23 जण. सामाईक सातबाऱ्यावर याहून जास्त नावं असतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

लॉगिन झाल्याबरोबर जागा धरा. गणपतीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं. नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड चालवायची वही, उघडा, सगळा डेटा मेमरीत चढवा आणि चहाला जा. परत आलात की जुनं शोधत बसू नका, नवं उघडा. ब्राउझरचा टॅब मिटला की मागचा कर्नलही, म्हणजे मेमरी धरून बसलेला प्रोग्रामही, मिटतो, ही श्रद्धा ढळू देऊ नका.

कोण किती खातंय ते दाखवणारी 'टॉप' कमांड लावून बघू नका. उगाच मन खट्टू होतं.

'नाइस' ही कमांड दुसऱ्यांसाठी आहे. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, भली. 19 दिलं की ती सगळ्यांना वाट देत बसते, घाटात रिव्हर्स घेणाऱ्या गरीब ड्रायव्हरसारखी. आपण शून्यावर राहावं. आपल्याला घाई असते.

डिस्क भरली की ग्रुपवर 'कुणीतरी साफ करा रे' टाका.

आता मेमरी संपते तेव्हाचं. मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या लाटांचं माझं मॉडेल गेल्या आठवड्यात सहाव्या दिवशी पहाटे मेलं. सकाळी वाटलं, लाईट गेली असणार. पावसाळ्यात आपला पहिला संशय तोच. पण यूपीएस ठणठणीत, सर्व्हर दीड महिना न थांबता चालू. लॉग उघडला, तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर. मेमरी उरली नाही की लिनक्स एक बळी निवडतो, आणि निवडताना माणूस बघत नाही, प्रोसेस बघतो. जी एकटी सगळ्यात जास्त खाते, ती आधी. माझी एक, 22 जीबीची. आमच्या एका मित्राच्या 18, अडीच-अडीच जीबीच्या. करा बेरीज. पंगतीत एकाने एकदाच पान भरून घेतलं तर तो हावरट, आणि दुसऱ्याने 18 पोरं बसवून प्रत्येकाच्या पानात वाढून घेतलं तर तो लेकुरवाळा! त्यातल्या 14 तर मे महिन्यापासून नुसत्या बसलेल्या. काम नाही, धाम नाही, पान मात्र मांडलेलं. त्याला विचारलं तर म्हणतो, "काय ओ सर, चेकपॉइंट ठेवलं नव्हतंत?"

चेकपॉइंट म्हणजे मधेच जपून ठेवलेलं काम, मेलं तर तिथून पुढे चालू करायला. ठेवलं होतं. पहिल्या दिवसाचं. ती चूक माझी, पण ते सांगायचा अधिकार त्याला कुणी दिला?

मेमरीला मर्यादा बांधायचा विषय मीटिंगमध्ये निघाला तर 'आपण काय परके आहोत?' म्हणा. फारच झालं तर यूलिमिट नावाची मर्यादा मान्य करा. ती दर प्रोसेसला लागते, म्हणजे 18 प्रोसेसना 18 मर्यादा, आणि लेकुरवाळ्याचा संसार सुखात. माणसागणिक मोजायचं तर सीग्रुप लागतात, म्हणजे प्रोसेसचा गट करून अख्ख्या गटाला एकच मर्यादा. लिनक्समध्ये ते 2008 साली आले. आमच्या विभागात अजून यायचेत.

बस्स झालं. सल्ले संपले. स्वतःच्या नावाने 'पीएस' मारून आपलं काय काय चालू आहे ते बघायला किती वेळ लागतो? पाच सेकंद? ते होत नाही तुमच्याने? सामाईक विहिरीवर भावाचा पंप रात्रभर चालू राहिला तर हेच तुम्ही पहाटे उठून वाडी डोक्यावर घ्याल, आणि इथे दुसऱ्याचे दिवसच्या दिवस बुडाले तर चेकपॉइंट शिकवता? लाज वाटत नाही? शिकलेली माणसं आहात ना?

आज संध्याकाळी सहाला मी मॉडेल परत लावतोय. त्याआधी आपापल्या रिकाम्या नोटबुका बंद करा. सहानंतर ज्यांच्या उरतील त्यांची यादी नावानिशी सर्व्हर रूमच्या दारावर लागेल, आणि पहिलं नाव कुणाचं ते लेकुरवाळ्याला बरोबर ठाऊक आहे.