प्राध्यापकाची कंपनी म्हणजे जनतेच्या पैशांची लूट नव्हे

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'विद्यापीठातले प्राध्यापक जनतेच्या पैशांवर संशोधन करतात आणि वर स्वतःची बायोटेक कंपनी काढतात. संशोधन छापून मोकळं करा, ज्याला हवं तो उद्योजक उचलेल. प्राध्यापकांनी शिकवावं.' यातलं बरंचसं चूक आहे.

आधी 'उद्योजक उचलेल' हे घेऊ. उसाला नत्र मिळवून देणारा जीवाणू फ्लास्कमध्ये छान वाढला, पेपर छापून आला. पण मोठ्या फर्मेंटरमध्ये (जीवाणू वाढवायच्या टाकीत) तो तसाच वाढेल का, हे पेपरात नसतं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरीतल्या जैविक खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी लागतात. शिरोळच्या एखाद्या दुकानात, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पडून असलेल्या पाकिटात त्या टिकवणं हे खरं काम, आणि त्यात काही वर्षं जातात. सगळ्यांसाठी मोकळ्या असलेल्या शोधावर एवढा पैसा कोण घालेल? जमलं की शेजारचा तेच विकणार. हा मधला टप्पा स्पिन-ऑफ कंपनी, म्हणजे विद्यापीठातल्या शोधावर उभी राहिलेली कंपनी, अंगावर घेते. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं 'बिग' अनुदानही अशाच सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे.

इन्सुलिनचं असंच झालं. हर्बर्ट बॉयर कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७६ मध्ये त्यांनी गुंतवणूकदार रॉबर्ट स्वॉन्सनबरोबर जेनेन्टेक ही कंपनी काढली, १९७८ मध्ये जीवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, आणि इली लिली या औषध कंपनीमार्फत १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. प्रत्येक शोधाला कंपनी लागतेच असं मात्र नाही. बॉयर आणि स्टॅनली कोहेन यांच्या जनुक-जोडणीच्या तंत्राचे परवाने स्टॅनफर्ड विद्यापीठाने चारशेहून जास्त कंपन्यांना दिले, कारण ते तंत्र लगेच वापरता येत होतं.

लूट म्हणाल, तर पेटंट विद्यापीठाच्याच नावावर ठेवता येतं. कंपनीला मिळतो तो परवाना, विद्यापीठाला रॉयल्टी किंवा शेअर. ठरल्या मुदतीत उत्पादन आलं नाही तर परवाना परत, ही अट करारात हवीच.

शिकवण्याची काळजी रास्त आहे. पीएचडीच्या पोरांना कंपनीत फुकट राबवणं तर मुळीच खपवून घेऊ नये. त्यासाठी नियम करा, कंपनीवर बंदी नको.

राहिलं 'आधी छापा'. युरोपात पेटंटच्या अर्जाआधी स्वतःचाच पेपर छापला तरी नावीन्य गेलं असं धरतात आणि पेटंट नाकारतात. म्हणून आधी अर्ज करायचा. त्यानंतर पेपर छापायला पेटंटची आडकाठी नसते.