दादाच्या शेडची ओळ

गेल्या आठवड्यात भाचीचा रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कोल्हापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात नोकरी मेळावा भरतोय. "आत्या, जरा बघ की गं," एवढाच निरोप. दोन पानं होती. सुरुवातीला आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंदात गाणी ऐकणं, शेवटी वरील माहिती खरी असल्याची हमी. सलग दोन उन्हाळी सुट्ट्या तिनं उद्यमनगरात दादाच्या मशीनशॉपमध्ये काढल्या. त्याबद्दल एक अक्षर नाही.

का नाही विचारल्यावर म्हणाली, "घरच्या शेडचं काय लिहायचं? प्लेसमेंटचे सर म्हणतात, प्रोफेशनल दिसलं पाहिजे."

यावरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला. सरांचं म्हणणं असं की आपली पोरं कामात कमी नाहीत, बोलण्यात मागं पडतात. इंग्रजी घासा, ब्लेझर घाला, नाहीतर कंपन्या पुण्यालाच जाणार. दादाचं म्हणणं, काम येत असलं की बास, पोपटपंची कशाला. अकरा वर्षं जर्मनीत आखेनला काढल्यावर मला वाटतं, दोघंही एकाच ठिकाणी चुकताहेत. बोलणं आणि काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं दोघंही धरून चालतात.

मीही तसंच धरलं होतं. आखेनला असे मेळावे विद्यार्थीच भरवतात. १९८८ मध्ये इथल्याच विद्यार्थ्यांनी 'बाँडिंग' नावाची संघटना काढली, ती आज इतर शहरांतही हेच करते. मास्टर्सला आल्यावर नवा ब्लेझर घालून मी तिथं गेले, एका स्टॉलसमोर उभी राहिले आणि जागा आहे का विचारलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आमचं कुठलं काम तुम्ही बघितलंय?" मला उत्तर देता आलं नाही. शेजारी चुरगळलेल्या शर्टातला एक मुलगा त्यांच्या पंपाच्या केसिंगबद्दल, म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचाबद्दल, विचारत होता आणि त्या बाईंच्या सहकाऱ्यानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. कास्टिंगच्या, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग घडवण्याच्या, गावात वाढलेली मी, केसिंगवर गप्प उभी होते. त्या रात्री फार रडले.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडं न्या असं मात्र नाही. इथं दुसऱ्या वर्षाची मुलं इंटर्नशिप विचारायला येतात, नंतर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कंपनीत काम करतात. स्टॉलवरचं बोलणं दहा-पंधरा मिनिटं चालतं. आपल्याकडं दहावीपासूनची ६० टक्क्यांची चाळण, त्याच दिवशी अॅप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन, मुलाखत. एकेकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. रेझ्युमेवरच्या फोटोचंही तसंच. जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर फोटो बंधनकारक नाही, तरी बरेच जण अजून लावतात. खाली गाव-तारीख घालून सही करण्याची रीतही इथं आहेच, त्यामुळं भाचीच्या हमीला मी नावं ठेवली नाहीत. वैवाहिक स्थिती मात्र काढायला लावली. लग्नाकडं बघून मुलीची नोकरी ठरवणं मला मान्य नाही, आणि आपण होऊन ते सांगणं तर मुळीच नाही.

मग शेडबद्दल तिला खोदून खोदून विचारलं. दादाकडं शिरोलीच्या एका फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आतलं भोक कोरून (बोअर करून) पुढं जातात. ब्लो होल, म्हणजे धातूत राहिलेली पोकळी, आत असते, ती मशीनिंग झाल्यावरच उघडी पडते. तोवर मशीनचा वेळ, टूल, मजुरी सगळं खर्ची पडलेलं. पोरीनं रिजेक्ट झालेला प्रत्येक जॉब हीट नंबरसकट (कुठल्या घाण्याचा धातू, त्याचा क्रमांक) तारीखवार वहीत मांडला. जूनच्या पावसात आकडा चढतो हे दिसल्यावर दादाला घेऊन थेट फाउंड्रीत गेली. मोल्डच्या वाळूत ओल जास्त झाली की ओतताना वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. आता तिथं दर शिफ्टला वाळूची ओल मोजतात, आणि दादाकडं शंभरात नऊ जॉब जायचे ते चारवर आलेत.

हे सगळं तिनं आपल्या मराठीत न अडखळता सांगितलं. इंग्रजीत सांग म्हटल्यावर एकाच वाक्यावर आली: "आय हॅव गुड नॉलेज ऑफ क्वालिटी." वही गेली, पाऊस गेला, नऊचे चार गेले. इंग्रजीची भीती खरी आहे, चंदगड-राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या पोरांना तर फारच. पण घासायचं ते काय? मी तिला आधी मराठीत पाच वाक्यं लिहायला लावली, मग त्याच पाचांचं साधं इंग्रजी करायला.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं इतर समाजांसाठीही बोर्डिंगं उभी केली. शाळेचं दार उघडं असून भागत नाही, खेड्यातल्या पोराला राहायला-जेवायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. मेळाव्याची नोटीस लावूनही तसंच भागत नाही. दोन आठवडे आधी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातले चार सुपरवायझर कॉलेजात बोलवा आणि प्रत्येक पोराला त्यांच्यासमोर तीन मिनिटं उभं राहून बोलू द्या. ते ब्लेझर बघणार नाहीत, "मग तू काय केलंस?" असं विचारतील. मुलाखतीच्या एखाद्या व्याख्यानापेक्षा हा एक प्रश्न मला मोलाचा वाटतो.

रेझ्युमेत वर्कशॉपचं नाव घालायचं ठरल्यावर दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या शेडचं नाव तिथं शोभंल काय?" मी म्हटलं, सगळ्यात वर घालतोय.

काल भाचीनं शेडमधूनच व्हिडिओ कॉल लावला. ती बोलायला लागली तशी मागची लेथ कुणीतरी बंद केली. तिसऱ्या खेपेला मिनिटाच्या आत सगळं नीट आलं. मध्ये 'मॉइश्चर' शब्द अडला, तेव्हा 'ओल' म्हणाली आणि न थांबता पुढं गेली. मेळावा शुक्रवारी आहे.