निकाल उघडून तरी बघा
समलिंगी जोडप्यांच्या नागरी नात्यावरचा (म्हणजे लग्नाविना कायदेशीर मान्यता मिळणाऱ्या नात्यावरचा) हा लेख मुद्देसूद आहे. खाली प्रतिक्रियांत मात्र निम्मे 'संस्कृती बुडाली' म्हणतायत, उरलेले त्यांना 'बुरसटलेले' म्हणून मोकळे. समलिंगी विवाहावरचा १७ ऑक्टोबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कुणी उघडलेला दिसत नाही. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. फूट पडली ती नात्याला कायदेशीर मान्यता देण्यावर, ३ विरुद्ध २. मान्यता द्यावी म्हणणारे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात. भांडायचंच तर इथे भांडा ना! २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने अशा जोडप्यांना बँकेत जोडखातं आणि नॉमिनीला आडकाठी नाही, हे स्पष्ट केलं. ठीक. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर गेलेल्या जोडीदाराचा फ्लॅट जाऊ शकतो त्याच्या वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेल्या भावाला. यावर एकही प्रतिक्रिया नाही, शिव्या मात्र ढीगभर.